नावाची मुदत

बी. कॉम., तृतीय वर्ष

आपल्याकडे मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्याचे नाव ठेवतात आणि ते नाव त्या माणसाची शेवटपर्यंत सोबत करते. माणूस गेल्यावरही ते मागे राहते. ‘त्याने घराण्याचे नाव काढले’, ‘याने बापाचे नाव घालवले’ असे आपण सहज बोलून जातो. ज्या कन्नड भाषेत मी लहानपणापासून शेजाऱ्यांशी बोलत आलो, तिच्यातही तेच आहे. ‘हेसरु’ म्हणजे नाव. ‘हेसरु माडु’ म्हणजे नाव मिळवणे आणि ‘हेसरु केडिसु’ म्हणजे नाव घालवणे. दोन्ही भाषांत नाव ही केवळ हाक मारण्याची सोय नाही. लोकांनी आपल्यावर ठेवलेला विश्वास म्हणजे नाव. अशा नावाला मुदत असते, ती संपली की ते बाजारात येते आणि ज्याला हवे तो आठ-नऊशे रुपयांत ते घेऊन जातो, असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. परंतु असा बाजार आहे. गेल्या मे महिन्याच्या सुटीत तो मी सुरतेत जवळून पाहिला, त्यात थोडा हातही घातला आणि हात पोळून परत आलो. त्यावर माझे जे मत बनले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख आहे.

मी बोलतो आहे ते इंटरनेटवरील संकेतस्थळांच्या नावांविषयी. यांना ‘डोमेन’ म्हणतात. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. पण माणसाला आकडे पाठ होत नाहीत, म्हणून १९८३ साली आकड्यांच्या जागी नावे वापरण्याची पद्धत आखली गेली. ‘डॉट कॉम’ने संपणारे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. १९९५ पर्यंत ही नावे फुकट मिळत असत. त्या वर्षी दोन वर्षांसाठी शंभर डॉलर अशी फी बसली. १९९८ साली अमेरिकेत ‘आयकॅन’ ही संस्था निघाली आणि जगातील नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करण्याचे काम तिच्याकडे आले. आपल्या देशाच्या ‘डॉट इन’ नावांचा कारभार ‘निक्सी’ ही संस्था पाहते. २०१४ साली देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे नावही सुरू झाले.

यातील एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपण ‘डोमेन विकत घेतले’ असे म्हणतो, पण ते विकत मिळतच नाही. ते खंडाने मिळते. एका वेळी फार तर दहा वर्षांचा खंड भरता येतो. खंड भरला नाही की काय होते, तेही थोडक्यात सांगतो. ‘डॉट कॉम’ नावाच्या धारकाला मुदतीपूर्वी सुमारे एक महिना आणि पुन्हा सुमारे एक आठवडा आधी सूचना द्यावी लागते. मुदत उलटल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. त्यानंतर नोंदणी करणारी कंपनी आपल्या नियमाप्रमाणे काही दिवस सवलत देते. मग ३० दिवसांचा काळ असा असतो, की जुना धारक दंड भरून नाव सोडवून घेऊ शकतो, गहाण दागिना सोडवावा तसे. त्यानंतर शेवटचे पाच दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते नाव सर्वांना खुले होते. चांगल्या नावांच्या बाबतीत तर ‘खुले होते’ हेही नावालाच. कारण नाव सुटण्याच्या क्षणावर टपून बसलेले संगणक ते पापणी लवण्याच्या आत उचलतात.

आता सुरतेकडे वळू. माझे मामा मूळचे बेळगावजवळच्या वडगावचे, विणकरांच्या घरातले. घरचे माग बंद पडले तेव्हा ते सुरतेला गेले. ज्या सुरतेच्या स्वस्त साड्यांनी वडगाव-शहापूरच्या मागांना जेरीस आणले, त्याच सुरतेने मामांच्या पोटाची सोय केली, हा दैवाचा विनोद मामा स्वतःच हसत सांगतात. रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात ते मेहताजी आहेत. म्हणजे आपल्या भाषेत हिशेबनीस. त्यांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणतो, दिवसा एका दुकानात संगणकाचे काम करतो आणि रात्री मुदत संपलेल्या नावांचा धंदा करतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला फुकटचे शिक्षण मिळेल म्हणून मी त्याच्याजवळ बसू लागलो.

प्रथम दादाची बाजू सांगतो, कारण ती पोकळ नाही. तो म्हणाला, “एखाद्याने जमीन पडीक टाकली आणि दुसऱ्याने ती कसली, तर त्यात पाप काय? मी काही कोणाच्या घरात शिरत नाही. ज्याने नाव सोडले त्याला तीनदा सांगून झाले. त्याने सोडले, मी उचलले.” त्याने मला उदाहरणही दाखवले. एका दूधवाल्या कुटुंबाला आपल्या आडनावाचे डोमेन हवे होते. ते कोणा दुसऱ्याने वर्षानुवर्षे अडवून ठेवलेले होते. त्याची मुदत संपताच दादाने ते घेतले आणि बेताच्या नफ्यावर त्या कुटुंबाला दिले. दोघांचेही भले झाले. जुन्या बाजारात पितळेचे भांडे घेऊन, घासूनपुसून पुन्हा संसाराला लावावे, तसा हा व्यवहार. त्याला माझा अजिबात विरोध नाही. नाव वापराविना पडून राहण्यापेक्षा ते कोणाच्या कामी यावे, हेच योग्य.

पण सगळी गिऱ्हाइके दूधवाली नसतात. जुन्या नावाला किंमत का येते, हे विचारल्यावर दादाने तीन कारणे सांगितली. पहिले म्हणजे नाव छोटे, सुटसुटीत आणि लक्षात राहणारे असते. दुसरे म्हणजे त्या नावाकडे जाणाऱ्या जुन्या वाटा. एखाद्या शाळेने, वर्तमानपत्राने, सरकारी खात्याने पूर्वी कधी आपल्या पानावर त्या नावाचा दुवा दिलेला असतो. शोधयंत्र असे दुवे मोजते आणि समजते, की हे नाव भल्या माणसांच्या ओळखीचे आहे. नाव विकत घेतले की ही ओळखही आयती मिळते. तिसरे कारण म्हणजे जुन्या नावाने येणारी पत्रे, आणि त्याविषयी मला पुढे सविस्तर लिहायचे आहे.

दुसऱ्या कारणाचा गैरवापर एवढा वाढला, की मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या नियमांत मुदत संपलेल्या नावांचा दुरुपयोग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून घातला. तेथे दिलेले नमुनेच बोलके आहेत. पूर्वीच्या प्राथमिक शाळेच्या नावावर जुगाराचा मजकूर आणि पूर्वीच्या वैद्यकीय धर्मादाय संस्थेच्या नावावर औषधी मालाची विक्री, असे ते नमुने आहेत. ज्या पत्त्यावर काल पोरांचे पाढे होते, तेथे आज पत्त्यांचा डाव!

आमच्या अभ्यासक्रमात ‘गुडविल’ नावाचे प्रकरण आहे. मराठीत त्याला ख्याती म्हणतात. १८१० साली इंग्लंडमधील न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी तिचा अर्थ सांगितला तो असा, की जुनी गिऱ्हाइके जुन्या जागी पुन्हा येण्याचा संभव म्हणजे ख्याती. दोनशे वर्षांपूर्वी डोमेनची कल्पनाही नव्हती, पण मुदत संपलेल्या नावाची किंमत याहून नेमकी सांगता येणार नाही. आमचे प्राध्यापक ख्यातीचे तीन प्रकारही शिकवतात. मांजर घराला धरून राहते. मालक गेला तरी ते जुन्या घरी येते. कुत्रा मालकामागे जातो. उंदीर ना घराचा ना मालकाचा. गिऱ्हाइकेही अशीच तीन जातींची. वर्गात आम्ही हसलो होतो. सुरतेत मला कळले, की डोमेनची सारी ख्याती मांजराच्या जातीची आहे. मालक केव्हाच निघून गेला आहे, घरात दुसराच कोणी बसला आहे, आणि बिचारे मांजर दुधाच्या आशेने जुन्या दाराशी येऊन उभे राहते. प्रश्न एवढाच, की आत बसलेला माणूस त्या मांजराचे काय करतो.

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. दादाने आणि मी मिळून एक नाव घेतले. साडेआठशे रुपये पडले. त्यात माझे चारशे. ते नाव सुरतेतील एका मराठी वधूवर सूचक केंद्राचे होते. सुरतेत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे केंद्र दोन खोल्यांत चालत असे. ते बंद पडले आणि नावाचा खंड थकला. नाव सोपे होते आणि दादाच्या मते त्याला ‘चाल’ होती. चाल किती आहे हे पाहण्यासाठी दादाने अशी सोय केली, की त्या नावाच्या कोणत्याही पत्त्यावर पाठवलेले पत्र आमच्या एका पेटीत येऊन पडावे. यात काही वावगे आहे असे तेव्हा मलाही वाटले नाही. आम्ही नाव घेतले होते. नावावर आलेली टपालही आमचीच, असा साधा हिशेब होता.

चौथ्या दिवशी पहिले पत्र आले. खानदेशातील एका गृहस्थांनी आपल्या मुलीची माहिती पाठवली होती. जन्मवेळ, शिक्षण, नोकरी, पगार, दूरध्वनी क्रमांक, दोन छायाचित्रे, सगळे होते. केंद्राच्या एका जुन्या छापील पुस्तिकेवरून त्यांनी पत्ता घेतला होता. खाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. मुलीचे पूर्वी एके ठिकाणी ठरून मोडले आहे. ते आपल्याला सांगणे माझे कर्तव्य म्हणून सांगतो, पण ही गोष्ट कृपया आपल्यापुरतीच ठेवावी, अशा अर्थाच्या त्या ओळी होत्या.

‘आपल्यापुरती.’ त्या गृहस्थांचे ‘आपण’ म्हणजे आम्ही होतो का? एक वीस वर्षांचा कॉलेजकुमार आणि त्याचा मामेभाऊ, रात्री अकरा वाजता चहा पीत, एका अनोळखी बापाचे काळीज वाचत बसलो होतो. माझ्या धाकट्या बहिणीचे स्थळ उद्या असेच कोठेतरी जाईल, हा विचार माझ्या मनात आला आणि मला पुढचे वाचवेना.

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. दोन दिवसांनी दादाने मला आणखी एक प्रकार दाखवला. त्या केंद्राने आपली जुनी नोंदवही दुसऱ्या एका कंपनीच्या संगणकावर ठेवली होती. तिची स्मरणपत्रे आमच्या पेटीत येऊ लागली. दादा म्हणाला, “आता तिकडे जाऊन ‘संकेतशब्द विसरलो’ एवढे बटण दाबले, की नवा संकेतशब्द ठरवण्याची चिठ्ठी आपल्याकडेच येईल. मग सगळी वही आपली.” शेकडो मुलामुलींची माहिती एका बटणाच्या अंतरावर होती. ते बटण आम्ही दाबले नाही, हे मी येथे प्रतिज्ञेवर लिहितो. पण दाबता आले असते. कुलूप फोडावे लागले नसते, भिंत चढावी लागली नसती. साडेआठशे रुपयांत किल्ली आपसूक हातात आली होती. त्याच आठवड्यात एका दलालाने त्या नावाला बारा हजारांची बोली लावली. त्याला तेथे पैजांचा खेळ चालवायचा होता. पेटीतील पत्रांचे तो काय करील, हे विचारण्याची सोय नव्हती.

हा आमच्यापुरता योगायोग नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ साली सुरक्षेच्या एका अभ्यासकाने वकिलांच्या संस्थांनी सोडून दिलेली नावे मुद्दाम नोंदवून पाहिली, तर पक्षकारांची खाजगी पत्रे त्याच्याकडे येऊ लागली. २०२४ साली दुसऱ्या काही अभ्यासकांनी अवघ्या वीस डॉलरला एक सुटलेले नाव घेतले. ते ‘डॉट मोबी’ नावांची माहिती देणाऱ्या जुन्या यंत्रणेचे निघाले आणि एक लाख पस्तीस हजारांहून अधिक संगणक अजूनही त्या जुन्या पत्त्यावर विश्वासाने चौकशी करीत होते. हे लोक सज्जन होते, म्हणून त्यांनी बोभाटा केला. ज्यांनी केला नाही, त्यांची गणती कोण ठेवणार?

सावधगिरीचा अभाव ही काही केवळ गरिबांची किंवा अडाण्यांची मिरास नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीला आपल्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ नावाचा खंड भरण्याचा विसर पडला आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांची पत्रपेटी अडली. शेवटी एका परक्या संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले. सप्टेंबर २०१५ मध्ये तर ‘गूगल डॉट कॉम’ हे नावच कच्छमधील मांडवीच्या एका तरुणाला बारा डॉलरला मिळाले आणि मिनिटभर त्याच्याकडे राहिले. तेथे मुदत संपलेली नव्हती, विक्रीच्या यंत्रणेतच चूक झाली होती. त्या तरुणाने चूक कळवली; गूगलने त्याला ६,००६ डॉलर आणि वर १३ सेंट देऊ केले, आणि त्याने ते दान करण्याचे ठरवल्यावर रक्कम दुप्पट केली. या दोन्ही गोष्टींत मोठ्या कंपन्यांना वाचवले ते नियमाने नव्हे, तर समोरच्या माणसाच्या भलेपणाने. आपली सारी व्यवस्था अनोळखी माणसाच्या भलेपणावर उभी असावी, हे मला पटत नाही.

कायदा काय म्हणतो? १९९९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याहूच्या खटल्यात आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेनला व्यापारी नावासारखेच संरक्षण दिले. दुसऱ्याच्या नावाशी साधर्म्य साधून आपला माल खपवणे गैर, हा जुना न्याय त्यांनी नव्या वस्तूला लावला. ‘डॉट इन’ नावांचे तंटे लवादापुढे सोडवण्याचीही २००५ पासून सोय आहे. पण या सर्व सोयी नाव गमावलेल्या मालकासाठी आहेत. खानदेशातील त्या बापाचे काय? त्याचे कोणतेही नाव गेले नव्हते. त्याचा फक्त विश्वास गेला होता, आणि तो कोठे गेला हेही त्याला माहीत नव्हते.

येथे मला आमचा जुना भागीदारी कायदा आठवतो. १९३२ च्या या कायद्यात एक शहाणपणाची तरतूद आहे. भागीदारी मोडली तरी जाहीर सूचना दिल्याशिवाय भागीदार बाहेरच्या माणसांपुढे जबाबदारीतून सुटत नाहीत. ती सूचना कशी द्यावी तेही कायदा सांगतो: सरकारी राजपत्रात, आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात. ‘देशी भाषेतील’ हे शब्द मला फार आवडतात. ज्याला कळायला हवे त्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे, हा त्यांचा अर्थ. नव्वद वर्षांपूर्वीच्या कायदेकारांना जे सुचले, ते डोमेनच्या जगाला अजून सुचलेले नाही. तेथे सूचना जाते ती फक्त धारकाला. त्या नावावर भरवसा ठेवून बसलेल्या माणसांना कोणीच काही सांगत नाही.

मामांच्या पेढीवरील शेठना मी हे सर्व सांगितले. सुरत हे हुंड्यांचे जुने गाव. ‘शाहजोग’ हुंडी आपण पुस्तकात वाचतो. तिचे पैसे कोणाही येणाऱ्याला देत नाहीत, बाजारात पत असलेल्या शाहालाच देतात. शेठ गुजरातीत ‘शाख’ म्हणतात, आपण ‘पत’ म्हणतो. ते म्हणाले, “पेढी विकली तर पाटी विकता येते, शाख विकता येत नाही. घेणाऱ्याला ती पुन्हा कमवावी लागते.” माझ्या या लेखाचे सारही तेवढेच आहे. नाव विकत मिळते. त्या नावावर लोकांनी ठेवलेला विश्वास विकत मिळत नाही. तो ज्याच्यावर ठेवला त्याचाच असतो. म्हणून नाव घेणाऱ्याने पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे, की येथला मालक बदलला आहे. हे न सांगता जो जुन्या विश्वासावर धंदा करतो, त्याने पडीक जमीन कसलेली नाही. उभे पीक कापून नेले आहे. दादाच्या उपमेला माझे हे उत्तर आहे.

माझ्या मते घेणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. घेण्यापूर्वी त्या नावावर पूर्वी काय होते ते पाहावे. जुनी पाने जपून ठेवणाऱ्या संस्था इंटरनेटवर आहेत, पाहणे अवघड नाही. जुन्या पत्त्यांवर येणारी पत्रे उघडूच नयेत. त्यांची पेटीच ठेवू नये. आणि निदान वर्षभर पहिल्या पानावर, लोकांच्या भाषेत, मालक बदलल्याची पाटी लावावी. रुग्णालये, शाळा, धर्मादाय संस्था, वधूवर केंद्रे यांची नावे सुटल्यावर ती लगेच बाजारात न आणता दोन-तीन वर्षे रिकामी ठेवावीत, असा नियम नोंदणी करणाऱ्या संस्थांनी करावा. त्याने कोणाचा फार तोटा होणार नाही.

सोडणाऱ्याची जबाबदारी मात्र याहून मोठी आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पुष्कळ संस्थांचे डोमेन संगणकवाल्या पोराच्या स्वतःच्या पत्त्यावर नोंदलेले असते. पोरगा नोकरी सोडून जातो, तीनही सूचना त्याच्याकडे जातात आणि संस्थेला पत्ता नसतो. जागेचे भाडे, विम्याचा हप्ता आणि नावाचा खंड या तिन्ही तारखा एकाच वहीत हव्यात. आणि संस्था बंद करायची असेल, तर नाव सर्वांत शेवटी सोडावे. आधी त्या नावाशी जोडलेली खाती बंद करावीत, लोकांना कळवावे, आणि काही वर्षे केवळ ‘बंद आहे’ एवढे सांगण्यासाठी नाव राखावे.

विद्यार्थी मित्रांनो, आपणही यातून सुटलेलो नाही. स्नेहसंमेलन, महोत्सव, स्पर्धा यांसाठी कितीतरी महाविद्यालयांतील मुले हौसेने नवे डोमेन घेतात. त्यावर शेकडो विद्यार्थी आपले नाव, क्रमांक आणि फी भरल्याची पावती नोंदवतात. महोत्सव संपतो, सचिव उत्तीर्ण होऊन जातो, आणि पुढल्या वर्षी ते नाव कोण उचलतो हे कोणी पाहत नाही. कन्नडमध्ये ‘हेसरु’ म्हणजे नाव आणि ‘हेसरु काळु’ म्हणजे मूग. नावाच्या बाबतीत आपण सगळे मूग गिळून गप्प बसतो, ते बहुधा त्यामुळेच!

त्या केंद्राचे संचालक आम्हाला मामांच्या ओळखीतून सापडले. वयोवृद्ध गृहस्थ, डोळ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी काम थांबवले होते. डोमेन त्यांच्या पुतण्याने घेऊन दिले होते आणि तो परगावी गेला होता. आम्ही सांगितले ते ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी बंद केले, म्हणजे बंद झाले असे समजत होतो रे.” त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या संमतीने, जुनी नोंदवही कायमची पुसून टाकली. खानदेशातील गृहस्थांना त्यांनी स्वतः दूरध्वनी केला. आलेली पत्रे आम्ही काढून टाकली, पेटी बंद केली आणि त्या नावावर एकच पान ठेवले: ‘हे केंद्र बंद झाले आहे. कृपया येथे कोणतीही माहिती पाठवू नये.’ मराठीत आणि गुजरातीत.

दादाने बारा हजारांवर पाणी सोडले. तो तक्रार करत नाही, पण निघताना त्याने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मजजवळ नाही. “अरे, लोकांना ‘बंद आहे’ एवढे सांगण्यासाठी मी किती वर्षे खंड भरू?” संचालकांचे वय झाले आहे, पुतण्याला रस नाही, आणि आम्ही तर परके. त्या छापील पुस्तिका मात्र अजून खानदेशातील घराघरांत, फडताळात, पंचांगाशेजारी पडून असतील.

येत्या मे महिन्यात त्या नावाची मुदत संपते. यंदाच्या खंडाचे निम्मे पैसे मी पाठवणार आहे, आणि ती तारीख माझ्या वहीत लिहून ठेवली आहे.